सवतीच्या कपाळी शेंदूर

आमच्या गावच्या मोठीमायला सरकारी भाषेत ‘संबंधित महिला’ म्हणतात. ती गावचा डोंगा, म्हणजे नाव, चालवत होती तोवर ‘संबंधित चालक’ होती. डोंगा काढून घेतला तेव्हा ‘संबंधित महिला’ झाली. तिचं नाव पार्बता नान्हे. ते मी इथे पहिल्याच ओळींत लिहून ठेवते, कारण ज्या आदेशानं तिचा डोंगा गेला त्यात ते कुठेही आलेलं नाही.

मोठीमाय म्हणजे आमच्याकडे थोरली मावशी किंवा थोरली काकू. ती माझी यांपैकी कुणीच नव्हती. ती ढिवराची, म्हणजे मासेमारांच्या जातीची, आम्ही बौद्ध. तिचं घर घाटाला लागून, आमचं गावाच्या वरच्या टोकाला. पण तिच्या डोंग्यातून शाळा-कॉलेजला जाणारी सगळी लेकरं तिला मोठीमाय म्हणत आणि त्या नात्याचा तीही पुरेपूर उपयोग करी. म्हणजे शिव्या देई. सकाळी घाटावर पोचायला जरा उशीर झाला की लांबूनच ऐकू यायचं, “या, रानीसाहेब या. पावडर लागली का? कॉलेज थांबते तुह्यासाठी, नाही का वं?” आणि डोंगा थांबलेला असायचा.

आमचं गाव पवनीच्या बाजूला, वैनगंगेच्या काठावर. धरणाचं पाणी अडलं तेव्हा गावाचा खालचा भाग, धानाच्या बांध्या आणि पलीकडे जाणारा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली गेला. खालच्या घरांचं पुनर्वसन झालं. वरची घरं कोरडी राहिली, म्हणून ती ‘बाधित नाहीत’ असं ठरलं. आमचं घर वरचं. म्हणजे आम्ही बाधित नाही. फक्त दवाखाना, बाजार, बँक आणि कॉलेज पाण्याच्या पलीकडे राहिलं आणि तिकडे जायचा रस्ता माशांना मिळाला. जंगलातून फेरा मारून जाणारी एक वाट आहे, पावसाळ्यात तिच्यावर बैलही रुततात. पूल मंजूर झाला आहे असं मी पाटी-पेन्सिल हातात धरायच्या आधीपासून ऐकत आले. आता मी साकोलीकडच्या एका शाळेत शिकवते आणि माझ्या वर्गातली मुलं पुलाचं चित्र काढतात तेव्हा मला उगीचच राग येतो.

तर त्या पुलाच्या जागी मोठीमाय होती.

डोंगा ग्रामपंचायतीचा होता, पण त्यावरचं इंजिन मोठीमायच्या नवऱ्याचं. धानाला पाणी द्यायचं साधं डिझेल इंजिन. बांध्याच बुडाल्यावर पाणी कशाला द्यायचं, म्हणून त्यानं ते डोंग्यावर बसवलं, मागे पंखा लावला. परवानगी पंचायतीच्या नावानंच मिळते असं कळल्यावर इंजिनही पंचायतीच्या नावे करून दिलं. तो वारला आणि इंजिन सुरू करायचं हँडल मोठीमायच्या हातात आलं. कुणी दिलं नाही, तिनं घेतलं. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, अंगात नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, बांगडीत अडकवलेल्या पाच-सहा सेफ्टी पिना, अशी ती हँडल मारायला उभी राहिली की शेजारी उभं राहायची कुणाची हिंमत नसे.

इंजिनाला ती सवत म्हणायची. “बुढा जित्ता होता तवा रातदिस हिच्यापाशीच राहे,” ती सांगायची. “मी खोकलली त मले म्हने, गरम पानी पे. हे खोकलली त पवनीवरून मिस्त्री आने.” मग सवतीच्या अंगावर ओलं फडकं फिरवत म्हणायची, “मेला बुढा, न् सांभाळाले हे माह्या गळ्यात.”

तिला इंजिनातलं फार कळत होतं असं मी म्हणणार नाही. ती स्वतः मात्र तसं म्हणायची. तिच्याइतकी बढाईखोर बाई गावात दुसरी नव्हती. तिचं निदान निम्म्या वेळा चुकायचं आणि चुकलं की दोष इंजिनाचा असायचा. पण तिची एक सवय होती. कुणी काहीही सांगितलं की ती विचारायची, “काहून?” सरपंच म्हणाले आज खेप उशिरा सोडा, काहून? मास्तर म्हणाले लेकरांना रांगेत बसवा, काहून? उत्तर पटलं तर ती मुकाट्यानं करायची, नाही पटलं तर तोंडातला खर्रा दुसऱ्या गालात सरकवून हँडल मारायची. मोठ्या माणसांना हा प्रश्न फार झोंबत असे. आमच्या गावात प्रश्न खालून वर जायची रीत नव्हती.

एकदा गावातले एक मोठे शेतकरी, ज्यांना सगळे पाटील म्हणतात, डोंग्यात चढले. आधीच बसलेल्या माझ्या आईला आणि मला त्यांनी हातानंच ‘तिकडे सरका’ अशी खूण केली. ती खूण आम्हांला जन्मापासून ओळखीची होती. आई उठायला लागली.

“बस वं तू,” मोठीमाय मागून म्हणाली. “काहून उठून राहिली?”

“मले बसाचं हाय इथं,” पाटील म्हणाले.

“इथं नाई बसाचं तुमी, पाटील. तुमी मधात बसा. ह्या दोघी मायलेकी मिळून जितक्या भरतात तितके तुमी एकले भरता. एका अंगाले बसले तं डोंगा कलंडते.”

“मोठीमाय, कोन कुठं बसाचं ते पाहून बसते मानूस.”

“डोंग्यात मी जात नाई पाह्यत, वजन पाह्यते,” ती म्हणाली. “उतराचं असन तं उतरा. जंगलाकडून वाट हाय.”

पाटील मधोमध, धानाच्या पोत्याला टेकून बसले. सगळा डोंगा पाण्याकडे पाहत होता, कारण एकमेकांकडे पाहिलं असतं तर हसू आवरलं नसतं. हे पाटलांनी विसरून जायला हवं होतं, पण तसं झालं नाही.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा दसऱ्याच्या आधी खात्याचे एक साहेब डोंगा पाहून गेले. इंजिनाच्या टाकीचं टोपण केव्हाच हरवलेलं होतं. टाकीच्या तोंडाला मोठीमाय चिंधीचा बोळा लावायची. साहेबांनी तो दोन बोटांनी उचलून पाहिला आणि ताबडतोब टोपण बसवायला सांगितलं. बरोबरच होतं ते. मोठीमायनं “काहून?” विचारलं, साहेब “आग लागेल” म्हणाले, आणि हे उत्तर तिला पटलं. पवनीहून नवं चकचकीत टोपण आलं.

दसरा आमच्याकडे दोन तऱ्हांनी उजाडतो. आमच्या घरची माणसं पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षाभूमीवर जायला निघतात. बाकीच्यांकडे अवजारांची पूजा असते. दोन्ही गोष्टी घाटावर एकत्र येत. मोठीमाय उजाडताच पूजा उरकून घेई, कारण पहिल्या खेपेला पांढऱ्या कपड्यांतली माणसं असत आणि त्यांना नागपूरची गाडी गाठायची असे. “बाबासाहेबाच्या मानसाले उशीर नको,” ती म्हणायची, आणि लगेच, “इंजिनापासून दूर बसा रे, शेंदूर लागन तं मले बोलान.”

त्या वर्षी नव्या टोपणाचा मान मोठा होता. नवी वस्तू दारात आली की आधी तिला लावायचं, मग जुन्यांना, ही पूजा करणाऱ्या घरांची रीत. मोठीमायनं तेलात शेंदूर कालवला, टोपणाच्या अगदी मधोमध जाड ठिपका लावला आणि मागे सरून पाहिलं.

“आतापर्यंत डोक्यावर चिंधी बांधून बसली होती,” ती म्हणाली. “आता कुठं सवतीले कपाळ आलं.”

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच इंजिन मिसिंग करायला लागलं.

घाटावरून निघताना सगळं ठीक असायचं. टकटक, टकटक, रोजचा ताल. पाण्याच्या मध्यावर, बुडालेल्या रपट्याच्या वर आलो की ताल चुकायचा. एक टक, मग काहीच नाही, मग एकदम दोन, मग अख्ख्या डोंग्याला बसलेला हिसका. मोठीमाय वेग कमी करायची, शिव्या द्यायची, आणि आम्ही कसेबसे पलीकडे लागायचो. काठावर टाकी उघडून काडी बुडवून डिझेल पाहावं, तर भरपूर. इंजिन पुन्हा सुरू करावं, तर शहाण्या लेकरासारखं चालायचं. परत निघालं की मध्यावर पुन्हा तेच.

पवनीहून मिस्त्री आला. त्यानं काठावर बसून टोपण काढलं, फिल्टर धुतला, नोझल साफ केला, हँडल मारलं आणि कान लावून ऐकलं.

“चांगलं तं चालून राहिलं, मोठीमाय.”

“तू काठावर पाह्यतं. बिमारी पान्यात हाय. चाल मधात.”

“मले पोहता येत नाई.”

“तुले पोहाले कोन सांगते? बसाचं हाय.”

“नाई जी,” मिस्त्री हत्यारं गोळा करत म्हणाला. “बंद पडलं तं?”

“बंद पडते म्हनूनच तं तुले बोलावलं न बापा.”

तो पुन्हाही आला, डिझेलची नळीसुद्धा बदलून गेला, पण डोंग्यात काही चढला नाही. मोठीमायचं स्वतःचं निदान दर खेपेला नवं असायचं. आधी डिझेल खराब, मग पंप खराब, मग पंख्यात शेवाळ, मग सवतीची नियत. गावात तर प्रत्येकाला कळत होतं. कुणी म्हणालं, बुडालेल्या देवळातल्या मारुतीच्या डोक्यावरून डोंगा जातो, म्हणून तो कोपला. कुणी म्हणालं, बाईच्या हातानं इंजिन असंच चालायचं. आणि डिझेल पंचायतीकडून मिळत असल्यामुळे पाटलांनी पंचायतीत म्हटलं, ती डिझेल विकते आणि टाकीत पाणी घालते.

हे तिच्या कानावर आलं त्या दिवशी ती पूर्ण खेपभर एक अक्षर बोलली नाही. आम्हांला तिच्या शिव्यांची सवय होती, तिच्या गप्प बसण्याची नव्हती. माझी मैत्रीण रंजना हळूच म्हणाली, “मोठीमाय, आमाले माहीत हाय तू असं नाई करत.” मोठीमायनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ज्या बाईनं नवऱ्याचं इंजिन गावाला देऊन टाकलं, तिच्यावर गावानं डिझेलच्या चोरीचा आळ घेतला. मला आजही हे लिहिताना शांत राहता येत नाही.

मग एका संध्याकाळी कॉलेजहून परतताना इंजिन मध्यावर पूर्णच थांबलं. आम्ही पोरींनी आळीपाळीनं वल्हं मारलं, ज्यांना वल्हं मिळालं नाही त्यांनी डब्याच्या झाकणांनी पाणी मागे लोटलं. घाटावर पोचलो तेव्हा बाप मंडळी उभी होती. रंजनाच्या बाबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिथेच सांगून टाकलं, “झालं कॉलेज. उद्यापासून घरी.” तिला पाहायला पाहुणे येऊन गेलेले होते, होकार द्यायचा तेवढा बाकी होता. परीक्षा तोंडावर आली होती.

दुसऱ्या दिवशी मोठीमाय रंजनाच्या दारात जाऊन उभी राहिली. मी आत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“पोट्टीले काहून बसवलं घरी?”

“डोंगा बंद पडते म्हनून,” रंजनाचे बाबा म्हणाले.

“बंद डोंगा पडते न् बसवतं पोट्टीले? डोंग्याले सुधारन मी. पोट्टीनं काय केलं?”

“मोठीमाय, तू रागावू नको. काल तिची माय घाटावर पडून गेली होती भीतीनं. परवा साहेब येऊन राहिले तपासाले. डोंगा पास झाला तं पाठवीन. फेल झाला तं पाहुण्याले हो म्हनीन. मंग मले काही नको विचारू.”

मोठीमायनं विचारलं नाही. हे उत्तर तिला पटलं नसलं तरी खोटं नव्हतं. ती गेली आणि ते दोन दिवस इंजिनाजवळून उठली नाही.

तपासणीच्या सकाळी टोपण बसवायला सांगणारे तेच साहेब आले, सोबत एक कारकून. लाइफ जॅकेट एकच होतं, ते साहेबांनी घातलं. वजनाला धानाची पोती ठेवली, आणि मोठीमायनं रंजनाला आणि मला हाक मारली. “ह्या दोघी येतीन. डोंगा ज्याईच्यासाठी हाय, त्याईच्याबिगर कायची तपासनी?” रंजनाचे बाबा घाटावर उभे होते, पाटीलही होते. साहेबांना काय सांगितलं गेलं होतं ते त्यांच्या पहिल्याच प्रश्नावरून कळलं.

“बाई, डिझेल किती लागतं एका खेपेला? जास्त उचललं जातं असं ऐकलंय.”

“आयकलं तं आयकलं,” मोठीमाय म्हणाली आणि हँडल मारलं.

टकटक सुरू झाली. रंजनानं माझा हात धरून ठेवला होता. घाट मागे गेला, पाटलांची टोपी लहान होत गेली, पाण्याचा रंग बदलला. रपट्याच्या वर आलो आणि ताल चुकला. एक टक. काही नाही. दोन टक. हिसका. कारकुनानं पोतं घट्ट पकडलं.

“टाकी रिकामी असणार,” साहेब म्हणाले. “विकलं ना बाई? खरं सांगा.”

मोठीमाय उभी राहिली. डोंग्यात चालत्या इंजिनाशी कुणी उभं राहायचं नाही हा तिचाच नियम होता.

“इकडं या, साहेब. स्वतःच्या डोयानं पाहा.”

तिनं टोपणाला हात घातला. ते निघेना. पदर गुंडाळून, दोन्ही हातांनी पीळ देऊन तिनं ते ओढलं, तेव्हा आतून फस्स असा आवाज आला, कोंडलेला माणूस श्वास घेतो तसा. टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. साहेबांनी वाकून पाहिलं. पण मोठीमाय टाकीकडे पाहत नव्हती, ती ऐकत होती. टकटक, टकटक. इंजिन सुरळीत झालं होतं.

आजपर्यंत टाकी उघडली होती ती काठावर, इंजिन बंद करून. चालत्या इंजिनाची, भर पाण्यात, कुणी उघडलीच नव्हती. कुणी चोर म्हटल्याशिवाय तीही उघडली नसती.

तिनं आपला तळवा टाकीच्या तोंडावर ठेवला आणि दाबून धरला. आम्ही सगळे तसेच बसून होतो. बऱ्याच वेळानं ताल अडखळला. ती पुटपुटली, “हात ओढून राहिली माहा.” तळवा उचलला, फस्स झालं, ताल सुधारला. तिनं परत तळवा ठेवला. परत अडखळलं. परत उचलला. साहेब काहीतरी बोलू लागले तेव्हा ती त्यांना म्हणाली, “थांबा गा जरा,” आणि साहेब थांबले.

मग तिनं टोपण उलटं करून पाहिलं. आतल्या बाजूला मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं. सरळ करून पाहिलं. त्या जागी वाळून खडखडीत झालेला शेंदराचा ठिपका होता. टाकीतलं डिझेल खाली उतरतं तशी वरून तितकीच हवा आत यावी लागते, त्यासाठी ते भोक. चिंधीतून हवा जात होती, म्हणून इतकी वर्षं काही झालं नाही. आता ती वाट शेंदरानं बंद झाली होती. इंजिन मध्यापर्यंत कसंबसं जायचं आणि तिथे त्याचा दम कोंडायचा.

“मीच गळा दाबला सवतीचा,” मोठीमाय म्हणाली. बांगडीतली सेफ्टी पिन काढून ती भोक मोकळं करू लागली. “देखण्या कपाळापायी.”

रंजनाला हसू फुटलं, मग मला, मग कारकुनाला. मोठीमाय मात्र पिन तशीच धरून साहेबांकडे वळली. “चिंधी होती तवा काही नोहतं. टोपन लावाले तुमी सांगतलं.”

“टोपण मी सांगितलं बाई, शेंदूर नाही सांगितला,” साहेब म्हणाले, आणि तेही हसले. माणूस वाईट नव्हता. परतीच्या खेपेत इंजिन एकदाही चुकलं नाही. घाटाला लागताना मोठीमाय लांबूनच ओरडली, “रंजनाच्या बापा, पाहुण्याले नाही म्हनून सांग,” आणि पाटलांसमोर जाऊन उघडी टाकी दाखवली. पाटलांनी टाकी पाहिली आणि आभाळाकडे पाहत म्हणाले, “बरं झालं, सापडलं.” माफी त्यांनी मागितली नाही. तिनंही मागायला लावली नाही, याचं मला नवल वाटलं होतं. आता वाटतं, तिला रंजनाची पिशवी डोंग्यात परत हवी होती, एवढंच.

रंजनाची परीक्षा झाली, माझी झाली. उन्हाळ्यात आदेश आला.

संबंधित चालक अप्रशिक्षित आहे. इंधनाच्या टाकीस बाह्य पदार्थ लावून प्रवाशांचा जीव धोक्यात घातल्याचं तपासणीत आढळलं. सबब सेवा कंत्राटी पद्धतीनं द्यावी. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. बाह्य पदार्थ होता, मान्य. तिनंच लावला होता, मान्य. तिनं ते साहेबांच्या डोळ्यांदेखत कबूल केलं होतं. पण ती चूक शोधली कुणी, ती भर पाण्यात दुरुस्त केली कुणी, इतकी वर्षं पोरं, बाळंतिणी, आजारी माणसं नेली-आणली कुणी, हे कुठल्या ओळीत लिहिलं होतं? आणि लोकांचा जीव त्या एका इंजिनावर टांगून ठेवला कुणी? शेंदराचा ठिपका दिसला आणि नसलेला पूल दिसला नाही. जो रस्ता पाण्यात बुडवला त्याबद्दल कुणी ‘संबंधित’ नव्हतं. संबंधित फक्त एक विधवा ढिवरीण होती, कारण तिचा हात टोपणावर सापडला.

रंजना आणि मी अर्ज घेऊन पवनीला गेलो. टेबलामागचा माणूस म्हणाला, “तुम्ही शिकलेल्या मुली. नियम तुम्ही तरी समजून घ्या.” मला फार लागलं ते. आम्ही शिकलो होतो ते त्या डोंग्यात बसून, आणि आमचं ते शिक्षण आता तिच्याच विरुद्ध वापरलं जात होतं. गावातून एक माणूस आमच्यासोबत आला नाही. कंत्राटदारानं डोंगा तोच घेतला, इंजिनही तेच, मोठीमायच्या नवऱ्याचं. पंचायतीच्या नावे होतं ना.

निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन तिच्या घरी गेले. ती दारात जाळं विणत बसली होती. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागे घेतले.

“पाया नको पडू. पदवी म्हनजे काय वं? आता कागद लिहिता येते का तुले? सायबाले लागन असा?”

“येते.”

“मंग पुलाचा लिही,” ती म्हणाली आणि पेढा तोंडात टाकला.

तेव्हापासून मी लिहिते आहे. उत्तरं येतात, त्यांत प्रकरण विचाराधीन असतं. कंत्राटाचा डोंगा भरल्याशिवाय सुटत नाही, कॉलेजच्या वेळेशी त्याचा संबंध नाही. आमच्या मागच्या पोरी बारावीनंतर घरी बसल्या. त्यांच्यासाठी कुणी दारात जाऊन “काहून?” विचारलं नाही. मोठीमायनं शपथ घेतली होती, डोंगा परत मिळेपर्यंत त्यात पाय ठेवणार नाही. बाजाराला ती जंगलाच्या वाटेनं पायी जाते.

गेल्या दसऱ्याला मी गावी होते. पांढरी साडी नेसून आईबाबांसोबत पहिल्या खेपेला घाटावर गेले. नवा चालक संदीप, गावचाच पोरगा, पगारी. त्याची बायको पूजेचं ताट घेऊन डोंग्यात वाकली होती. एवढ्यात मोठीमाय घाटाच्या पायऱ्या उतरून आली. आता वाकली आहे, शर्ट तोच आहे. डोंग्यात तिनं पाय ठेवला नाही. बाजूनं पाण्यात उतरली, मांड्यांपर्यंत गेली आणि डोंग्याच्या कडेवरून आत हात लांबवून टाकीच्या टोपणावर मधोमध आपलं बोट ठेवलं.

“मोठीमाय, मले ध्यानात हाय न,” संदीप म्हणाला. “भोक मोकळंच ठेवतो मी.”

“तू ठेव,” ती म्हणाली. “लाव वं पोरी, माह्या बोटाभोवतालून लाव. कंजुषी नको करू.”

संदीपच्या बायकोनं शेंदूर लावला. आम्ही पांढऱ्या कपड्यांतली माणसं रांगेनं चढलो, आणि मी समोरून जाताना मोठीमाय म्हणाली, “पुलाचं काय झालं वं?” मी म्हटलं, लिहिलं आहे मोठीमाय, अजून लिहीन. “लिही,” ती म्हणाली, आणि मग संदीपकडे पाहून, “हँडल मार गा. बाबासाहेबाच्या मानसाले उशीर नको.”

टकटक सुरू झाली तेव्हाच तिनं बोट उचललं. टोपण लालभडक झालं होतं, फक्त मधे एक गोल स्वच्छ कोरा होता. डोंगा निघाला. रपट्याच्या वर आलो तेव्हा मी मागे वळून पाहिलं. इंजिन सुरळीत चाललं होतं आणि ती अजून तशीच पाण्यात उभी होती, कान इकडे लावून.